पाणकोंबडीचं पिल्लू

४ फेब्रुवारी

नाकतोड्या,

तुझी पेटी पोचली. झाकणावर तू पत्ता घातला आहेस, 'माननीय विभागप्रमुख, पक्षी विभाग, निसर्ग संग्रहालय'. आतल्या पत्रातही 'महोदय'. माननीय विभागप्रमुख म्हणजे तुझी सख्खी थोरली बहीण, हे तुला ठाऊक नसेल असं समजण्याइतकी मी भोळी नाही. पण महोदय तर महोदय. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर बघायला मिळालं, तेवढ्यावर मी भागवून घेतलं. अक्षर अजून तसंच आहे, ओळ सोडून उड्या मारणारं.

रीतसर उत्तर तुला कचेरीकडून जाईल. हे माझं वेगळं, घरच्या कागदावर. फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच.

पक्षी चांगल्या अवस्थेत आला. कातडं सफाईने सोललं आहेस, कापूस बेताने भरला आहेस, पाय एकावर एक बांधले आहेस. बाबा असते तर म्हणाले असते, मान जरा आखडली. मी म्हणत नाही. पक्ष्याबद्दलही अजून काही म्हणत नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसऱ्याचा पिकायची वाट बघतेय. सकाळच्या उजेडात तासभर काम होतं, मग सगळे पक्षी एकाच रंगाचे दिसायला लागतात. पक्षी विभागाच्या प्रमुखाला हे काही बरं नव्हे. निवृत्ती जवळ आली आहे म्हणून चालवून घेतात.

तू लिहिलं आहेस, 'जात नवी ठरल्यास तिला माझ्या दिवंगत वडिलांचं नाव द्यावं, एवढी एकच विनंती आहे.' माझ्या वडिलांचं! जसे काही ते माझे कोणी लागतच नव्हते.

ती गोष्ट आपण कधी धड बोललोच नाही. भांडलो, पण बोललो नाही. म्हणून एकदा लिहून टाकते. बाबा शाळेत शिकवायचे आणि सुट्टी लागली की गावाबाहेरच्या तळ्यावर चिखलात जाऊन बसायचे. तिथे त्यांना एक तपकिरी बगळा सापडला, कुठल्याच पुस्तकात नसलेला. त्यांनी त्याचं वर्णन लिहिलं, ते छापून आलं, आणि तो बगळा बाबांच्या नावाने ओळखला जायला लागला. त्याचं चित्र आपल्या बाहेरच्या खोलीत होतं. पाहुणा आला की चहाच्या आधी बगळा दाखवला जायचा. पुढे मी इथे नोकरीला लागले आणि मला दिसलं, की हा नवा बिवा काही नाही, नेहमीच्याच बगळ्याचं वयात न आलेलं पिल्लू आहे. मी ते लिहिलं. तेही छापून आलं, आणि बाबांची जात यादीतून गेली.

तू म्हणालास, दुसऱ्या कोणाला तरी लिहू द्यायचं होतंस. दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं रे! मी तेव्हा बरोबर होते, आजही आहे, आणि त्याने आपलं काय भलं झालं ते दोघंही बघतोच आहोत. बाबांनी माझा लेख चष्मा लावून शांतपणे वाचला, 'चांगलं लिहिलंयस' म्हणाले आणि चित्र आपल्या हाताने उतरवलं. पुन्हा ते तळ्यावर गेले नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, खूप वाटतं. पण ते पिल्लूच होतं.

आता तू त्या टोकाच्या बेटावर जाऊन बसला आहेस, बाबांना त्यांचा पक्षी परत मिळवून द्यायला. एवढं मला कळतं. आणि पेटी तू इथेच पाठवलीस. जगात दुसरी संग्रहालयं नाहीत असं नाही.

आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं. तुझा पक्षी आल्याचं सांगितलं तर म्हणाली, "पक्षी आला. आणि तो?"

मी म्हटलं, "तो नाही आला."

"मग पक्ष्याचं काय कौतुक सांगतेस?"

तुझी,
महोदय


२७ मार्च

नाकतोड्या,

नवा आहे.

आधी हे लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. मी सगळे खण उपसले. पाणकोंबड्यांचं अख्खं खानदान टेबलावर मांडलं आणि तुझा पक्षी प्रत्येकाशेजारी ठेवून पाहिला. चोच वेगळी, पायांची ठेवण वेगळी, आणि पंख तर काय, नावाला. ह्याच्या बापजाद्यांनीही कित्येक पिढ्या उडायचं सोडून दिलेलं असणार. खात्री पटली तेव्हा मी जिन्याखालच्या बाकावर जाऊन बसले. शिपायाने विचारलं, बाई, चक्कर आली का? मी म्हटलं, नाही, आनंद झालाय. तो म्हणाला, पाणी आणू का?

आमचे संचालक तुला माहीत नसतील. साहेब मूळचे शंखशिंपल्यांचे. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण पक्ष्यांच्या बाबतीत माझ्या शब्दावर चालतात. त्यांना सांगितलं तर खुर्चीवरून उठलेच. वर्षअखेरीला नवं दालन उघडतंय, आणि तिथे मधोमध ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. "आपल्या घरचा नवा पक्षी!" असं दोनदा म्हणाले. नाव बाबांचंच द्यायचं, हेही त्यांनी मान्य केलं.

पण एकाच कातड्यावर मी जात जाहीर करणार नाही. आखूड पंख पाहिले की पहिलाच शहाणा म्हणेल, हे पाणकोंबडीचं पिल्लू असेल, ह्याचे पंख अजून वाढायचेत. त्या शहाण्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. तेव्हा वयात आलेली मादी पाठव. तुला राग येणार, येऊ दे. बाबांचं नाव ह्या वेळी असं लिहायचंय मला, की कोणाला पुसता येऊ नये.

थकवा येतो हे खरं. उभ्या जन्मात मी दुसऱ्यांनी आणलेल्या पक्ष्यांना नावं ठेवली, आणि त्याचाच पगार खाल्ला. तुम्हा हिंडणाऱ्या लोकांच्या हकिगती मात्र माझ्याकडे नमुन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर असतात. एकजण नदीच्या उगमापर्यंत गेला, पेट्या आल्या, तो आला नाही. एकाच्या पेट्या बंदरात महिनोन्महिने पडून राहिल्या आणि किड्यांनी आतलं सगळं फस्त केलं, तेव्हा तो म्हणे परत उलट पावली गेला, तेच सगळं पुन्हा गोळा करायला. एकाला तापातून उठल्या उठल्या घरून पत्र मिळालं, की बायकोने दुसरं लग्न केलं. त्यानंतरचे त्याचे बेडूक फार सुरेख ठेवलेले आहेत. ह्या लोकांची नावं चिठ्ठीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतात. ठळक नाव असतं ते खुर्चीत बसून वर्णन लिहिणाऱ्याचं, म्हणजे माझ्यासारख्याचं. तू माझ्यावर चिडतोस ते ह्या बाबतीत तरी चूक नाही.

आईला सांगितलं, बाबांच्या नावाचा पक्षी होणार. ती म्हणाली, "त्यांना आवडलं असतं. दाखवायचे नाहीत, पण आवडलं असतं." आणि लगेच, "आता मिळाला ना त्याला? मग ये म्हणावं."

मादी मिळाली की खरंच ये.

ताई


२ ऑगस्ट

नाकतोड्या,

बरणी पोचली. फुटली नाही, स्पिरिट थोडं झिरपलं होतं. तुझं पत्रही पोचलं. 'तुझी शंका अजून मेलेली नाही तर' अशी सुरुवात केली आहेस. असो. महोदयवरून 'तू'वर आलास, मी ह्याला प्रगती समजते.

मादी मी उघडली. आता मला सरळ उत्तर दे. ती कुठे धरलीस आणि कशी? जवळपास घरटं होतं का? आणि 'पक्षी भरपूर आहेत' असं तू लिहिलंयस, तर भरपूर म्हणजे किती? डोळ्यांनी पाहिलेले किती आणि झाडोऱ्यातून नुसते आवाज ऐकलेले किती, हे वेगवेगळं लिही. आवाज एकाच पक्ष्याचे दहादा ऐकू येतात, हे तुला मी सांगायला नको.

का विचारते ते विचारू नकोस. साहेब रोज दारात डोकावून जातात. त्यांना सांगितलंय, डोळ्यांमुळे वेळ लागतोय. डोळ्यांचं खरंच आहे.

आईला पायऱ्या झेपत नाहीत आता, म्हणून तिची खाट खालच्या खोलीत आणली. तिला तिथून रस्ता दिसतो. ती म्हणते तिला करमतं. मला वाटतं ती तुझी वाट बघते, पण तसं म्हटलं की चिडते.

लवकर लिही. बोट चुकवू नकोस.

ताई


१९ ऑक्टोबर

नाकतोड्या,

तू खरं लिहिलंस, ह्याचं मला फार बरं वाटलं. बाकी पत्र वाचून काहीही बरं वाटलं नाही.

मला आधीच कळलं होतं. अंड्यांवर बसणाऱ्या मादीच्या पोटावरची पिसं गळून जातात आणि कातडी उघडी पडते, म्हणजे अंगाची ऊब सरळ अंड्यांना मिळते. तुझी मादी बरणीतून काढून उताणी केली तेव्हाच ती उघडी जागा दिसली. तरी मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. ती उठलीच नाही, तू हात लावलास तरी चोच मारली नाही, फळ उचलावं तशी उचलली, असं लिहिलंयस. तिला बिचारीला माणूस म्हणजे काय हेच ठाऊक नसणार. पुढे तू लिहिलंयस, अंडी बनियनमध्ये गुंडाळून शेगडीपाशी ठेवली, बेटावरच्या हवामान केंद्रातली माणसं हसली, तरी तू त्यांची कूस बदलत राहिलास, आणि त्यातून काही निघालं नाही. हा भाग मी आईला वाचून दाखवला. तिने डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "त्याला तिथे कोणी वेळेवर जेवायला घालतं का गं?"

मादी मीच मागितली होती. ते मी विसरलेले नाही.

आणि भरपूर म्हणजे किती, तर एका हाताची बोटं पुरतील इतके. तेही ह्या दोघांना धरून. उरलेले तू पाहिलेस ते सगळे त्याच एका दलदलीत, बेटाच्या अंगठ्याएवढ्या कोपऱ्यात. बाकी नुसते आवाज.

आता इकडचं ऐक. साहेबांना दम धरवला नाही. त्यांनी ओळखीच्या संग्रहालयांना आधीच कळवून टाकलं, की आमच्याकडे न उडणारा एक नवा पक्षी आलाय. अभिनंदनाची पत्रं आली. प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच ओळ, अदलाबदलीत आम्हालाही एक जोडी मिळाली तर उपकार होतील. एकाने तर विचारलंय, अंडी असतील तर तीही चालतील. साहेब खूश आहेत. बदल्यात काय काय मागायचं ते ठरवतायत.

आमच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, पोपटांचा एक खण आहे. तू लहान असताना तुला एकदा दाखवला होता, तू म्हणाला होतास किती छान हिरवे आहेत. ते सगळे एकाच डोंगरावरचे. जात जाहीर झाली, डोंगराचं नाव छापलं गेलं, आणि मग प्रत्येक संग्रहालयाचा माणूस एकेक जोडी घ्यायला गेला. कोणीही हावरट नव्हता. प्रत्येकाने एकच जोडी घेतली. आता त्या डोंगरावर पोपट नाही. त्याचे सगळे सगेसोयरे असे खणांमध्ये ओळीने पडलेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. मी तो खण वर्षातून एकदा साफ करते, आणि दरवर्षी वाटतं, पुढच्या वर्षी हे काम कोणा दुसऱ्याला सांगावं.

तू म्हणशील, नाव जाहीर कर आणि बेटाचं लिहू नकोस. चालत नाही. पक्षी कुठे मिळाला ते छापावंच लागतं, नाहीतर वर्णन कोणी मानत नाही. आणि न मानलेल्या वर्णनात बाबांचं नाव घालून काय करायचंय?

साहेब वाईट माणूस नाहीत. मी आडून आडून विचारून पाहिलं, समजा हे पक्षी अगदी थोडेच उरले असतील तर?

त्यांनी चष्मा काढला. खरोखर काळजीने म्हणाले, "मग तर घाई केली पाहिजे, बाई. संपायच्या आत आपल्याकडे नीट जमवून ठेवले पाहिजेत."

मी हो म्हणाले आणि बाहेर आले. मीही इतकी वर्षं हेच करत आले. कोणी पक्षी संपत आला असं कळलं की आम्ही माणूस पाठवतो, वाचवायला नाही, आणायला. तोही बिचारा जिवावर उदार होऊन जातो. आणि आम्हाला वाटतं, आपण काहीतरी राखलं.

मला कंटाळा आलाय रे. पक्ष्यांचा नाही, स्वतःच्या हातांचा.

दालन उघडायच्या आधी मला लेखी मत द्यायचं आहे. तू आता एकही पक्षी मारू नकोस. साहेबांचं पत्र आलं, तार आली, तरी नाही. थोरली म्हणून सांगते, इतकं तरी ऐक.

ताई


२४ नोव्हेंबर

नाकतोड्या,

हे पत्र बसून वाच, आणि वाचताना जवळ दुसरं कोणी असू देऊ नकोस.

काल मी साहेबांना लेखी मत दिलं. त्यात लिहिलंय, की बेटावरून आलेले दोन्ही पक्षी नवे नाहीत. नेहमीच्या पाणकोंबडीची ती वयात न आलेली पिल्लं आहेत, पंख आखूड दिसतात कारण त्यांची वाढ पुरी झालेली नाही. खाली माझी सही.

खोटं आहे. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि जगात तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. नाव छापलं की वर्षभरात त्या दलदलीत माणसं उतरणार, आणि ती सगळी आपल्यासारखीच सभ्य असणार. त्या पक्ष्याला तर पळायचंही कळत नाही. उलट, पाणकोंबडीचं पिल्लू आणायला एवढ्या लांब कोण जातो? पाणकोंबड्या काय, कुठल्याही डबक्यावर मिळतात. बाबांच्या नावाचा पक्षी किंवा बेटावरचा पक्षी, दोन्हींतलं एकच ठेवता येणार होतं. मी बेटावरचा ठेवला.

तुला न विचारता ठेवला, कारण तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग माझ्याने झालं नसतं.

साहेबांचा चेहरा पडला. "नक्की ना, बाई?" म्हणाले. मी म्हटलं, नक्की, आधी एकाच कातड्यावरून बोलले ती माझी चूक. मी आजवर कधी खोटं दिलं नाही, म्हणून त्यांनी कागद ठेवून घेतला. माणसाचा खरेपणा असाही कामी येतो, मला त्याची लाज वाटली.

पण गोष्ट इथे संपत नाही. आमच्या संग्रहालयाची रीत अशी, की ज्याने पक्षी आणला त्याचा दावा नाकारायच्या आधी त्याला विचारायचं. त्याने तो जिवंत पाहिलेला असतो. साहेबांचं पत्र तुला ह्याच बोटीने येईल, की विभागप्रमुखांचं मत असं असं आहे, तुमचं काय म्हणणं? तू हरकत घेतलीस तर दोन्ही पक्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडे जातील. त्याने मादी उताणी केली की संपलं. पिल्लं काही अंड्यांवर बसत नाहीत. मादी जाळून टाकावी असं माझ्या मनात येऊन गेलं. हात धजला नाही. तिने एवढं सोसलं, निदान ती कोणीतरी आहे ह्याचा पुरावा राहू दे. स्पिरिटमधून काढून वाळवलीय, पोटावर शिवण घालून पिसं वर ओढून घेतलीत, पण बघणाऱ्याला दिसेल.

तेव्हा आता तुझ्या हातात आहे. एक ओळ लिहिलीस, की मी ही मादी अंड्यांवरून उचलली, तर पक्षी तुझा, नाव बाबांचं, आणि तुझी इतकी वर्षं सार्थकी लागली. माझी शोभा होईल, निवृत्तीच्या तोंडावर, आणि लोक जुनंही उकरून काढतील, म्हणतील हिने बापाचंही असंच केलं असेल. त्याची तू फिकीर करू नकोस. करायचीच झाली तर थोडीशी कर.

तुला बाबांसाठी काय वाटतं ते मला कळतं. तू माझ्याशी बोलत नव्हतास तेव्हाही कळत होतं. तू तापात पडला होतास हे मला दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा मी रागाने दोन दिवस कोणाशी बोलले नाही, आणि राग तुझ्यावर नव्हता. मी तुझ्याकडून दुसऱ्यांदा बाबांना काढून घेतलं. पहिल्या वेळी ते खरं होतं, म्हणून मी मान ताठ ठेवू शकले. ह्या वेळी तेवढाही आधार नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं काम चालू आहे.

तू काय लिहिशील ते लिही. मी समजून घेईन असं म्हणत नाही, पण तुझी बहीण राहीन.

ताई


९ फेब्रुवारी

नाकतोड्या,

काल साहेबांनी बोलावलं. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर उघडं होतं. अक्षर उलट्या बाजूनेही ओळखलं, पण एक शब्द वाचता येईना. ह्या डोळ्यांना सुलटं धड दिसत नाही, तिथे उलटं काय दिसणार? साहेबांना आधी फोन आला. मग चहा आला. मग त्यांनी चष्मा शोधला, तो त्यांच्याच कपाळावर होता. राजीनाम्यात काय लिहायचं त्याची जुळवाजुळवसुद्धा मनात करून झाली.

मग त्यांनी मोठ्याने वाचलं. 'विभागप्रमुखांचं मत बरोबर आहे. ही पिल्लंच आहेत. मी ती नेहमीच्या पाणकोंबड्यांमागे फिरताना पाहिली आहेत. गैरसमज माझा झाला. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहे. ह्या बेटावर नवीन असं काही नाही.'

साहेबांनी पत्राची घडी घातली. मला बरं वाटावं म्हणून हसले आणि म्हणाले, "तुमच्या घराण्याला पिल्लं काही ओळखू येत नाहीत बुवा. वडिलांचंही असंच झालं होतं ना?"

मीही हसले. दुसरं काय करणार होते? तुझ्यावर आणि बाबांवर हसले, दोघांवरही एकदम, आणि त्या हसण्याबद्दल तू मला माफ कर. बाबा करतील की नाही सांगता येत नाही. मला वाटतं, खरं काय ते कळलं असतं तर त्यांनी केलं असतं. त्यांनी तळ्यावर कधी बंदूक नेली नाही, आठवतं ना?

नव्या दालनाच्या मधोमध आता एक भलामोठा शंख ठेवलाय. लोक त्याला कान लावून बघतात. साहेब खूश आहेत.

दोन्ही पक्ष्यांना मी स्वतःच्या हाताने खणात ठेवून आले, पाणकोंबड्यांच्या सगळ्यात खालच्या खणात, शेजारी शेजारी. त्यांच्यासारखे तपकिरी तिथे रगड आहेत. खण ढकलताना मला रडू आलं. शिपाई होता, त्याने विचारलं नाही, पाणी मात्र आणून दिलं.

घरी आले आणि आईला सांगितलं, त्याचा पक्षी नवा ठरला नाही. तिने विचारलं, "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"आणि तो?"

"तोही म्हणतो. त्याने लिहून पाठवलंय, ताईचं बरोबर आहे म्हणून."

आई उठून बसली. बाबांच्या नावाचा पक्षी गेला ह्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही. तिने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, ह्या वेळी कानाजवळ येऊन. मग म्हणाली, "चला. मिटलं एकदाचं तुमचं." आणि तिने बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवण केलं. मी तिला काही सांगितलं नाही. तोंड धुवायला गेले.

नाकतोड्या, मी खरं लिहिलं, तर वीस वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. आणि जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं, तर त्याच्याखाली तू सही केलीस.

आता पुढच्या बोटीने ये. येताना काहीही आणू नकोस.

ताई